रंग वाळण्याची वाट पाहणारा चित्रकार

१९ डिसेंबर २०१३ रोजी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एका आंतरराष्ट्रीय लिलावगृहाने भारतातील आपला पहिला लिलाव केला. त्यात १९७९ साली रंगविलेले एक शीर्षकहीन चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून ही रक्कम ठळक अक्षरांत झळकली आणि ज्यांनी चित्रकाराचे नावही पूर्वी ऐकले नव्हते, अशा असंख्य वाचकांना वासुदेव संतू गायतोंडे या नावाचा परिचय झाला. पुढे २०२१ साली त्यांच्या १९६१ मधील एका चित्राला जवळजवळ ४० कोटी रुपये मिळाले, तेव्हा या परिचयाची उजळणी झाली. परंतु या दोन्ही प्रसंगी जी चर्चा झाली, ती रकमेची. चित्राची चर्चा फारशी झाली नाही, आणि झाली तेव्हा बहुधा एका प्रश्नापाशी येऊन थांबली. ‘पण यात आहे काय?’ हाच तो प्रश्न.

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून उडवून लावणे सोपे आहे. कलेचे अनेक जाणकार तसे करतातही. वस्तुतः तो अत्यंत प्रामाणिक प्रश्न आहे. ज्या समाजात शाळेतील चित्रकलेचा तास म्हणजे घडवंची, मडके आणि दोन फळे यांची हुबेहूब नक्कल, आणि एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतील यश हेच चित्रकलेचे प्रमाणपत्र, त्या समाजातील सुशिक्षित माणसाने अमूर्त चित्रासमोर गोंधळून उभे राहावे, यात त्याचा दोष थोडा आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर चित्रात ‘कशासारखे दिसते’ याचा शोध घेऊन मिळणार नाही. ते चित्र कशाने आणि कसे घडले, याचा शोध घेतला तर मात्र ते बऱ्याच अंशी हाती लागते. गायतोंडे यांच्यापुरते बोलायचे तर ते उत्तर रंगाच्या नळीत, जवसाच्या तेलात आणि ते तेल वाळण्यास लागणाऱ्या काळात आहे.

कागदापासून कॅनव्हासकडे

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे. बालपण आणि तारुण्य गेले ते मुंबईत, गिरगावच्या चाळीत. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतून, म्हणजे आपल्या नित्याच्या भाषेत ‘जे. जे.’मधून, १९४८ साली त्यांनी पदविका घेतली. त्या काळी या संस्थेत दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. एकीकडे पाश्चात्त्य पद्धतीचे तैलचित्रण आणि समोर बसलेल्या व्यक्तीचा अभ्यास, तर दुसरीकडे जगन्नाथ अहिवासी यांच्यासारखे शिक्षक शिकवीत असलेली भारतीय पद्धतीची चित्रकला. तरुण गायतोंडे प्रथम ओढले गेले ते या दुसऱ्या प्रवाहाकडे. लघुचित्रांतील, विशेषतः बसोहली आणि जैन पोथ्यांतील चित्रांमधील सपाट, तेजस्वी रंग आणि ठाम रेषा यांचा ठसा त्यांच्या आरंभीच्या कागदावरील कामांवर स्पष्ट दिसतो.

या पारंपरिक पद्धतीची कृती ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण तिचा संबंध पुढे येणार आहे. जुना लघुचित्रकार हिंगूळ, हरताळ, गेरू, नीळ, काजळ असे रंग खलून बारीक करी, बाभळीच्या वगैरे डिंकात ते कालवी आणि कागदावर एकावर एक पातळ थर देई. मधूनमधून चित्र पालथे घालून पाठीमागून गुळगुळीत अकीकाने घोटले जाई. या घोटण्याने रंगाचे कण दाबून बसत आणि पृष्ठभागाला आतून उजळल्यासारखी कांती येई. म्हणजे ज्याला आपण लघुचित्राचे ‘तेज’ म्हणतो, ते केवळ रंगाच्या निवडीचे फळ नव्हते. थर, दाब आणि धीर या तिहींचे ते फळ होते.

१९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला होता. १९५० साली गायतोंडे यांना या गटात पाचारण करण्यात आले. गटाचा स्वभाव आक्रमक, वादप्रिय, तर गायतोंडे यांचा नेमका उलटा. पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराच्या कामाने ते या काळात भारले गेले. मनुष्याकृती हळूहळू भूमितीसारख्या आकारांत विरघळू लागल्या आणि १९५०चे दशक संपता संपता आकारही गळून पडले. १९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले होते. बाजारपेठेचा विचार करणाऱ्या कोणीही त्यानंतर आपली ओळख पटलेली शैलीच चालू ठेवली असती. गायतोंडे यांनी ती सोडली.

‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता

मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट ही त्या काळातील एक विलक्षण वास्तू होती. चित्रकार, नट, नर्तक आणि वादक एकाच छपराखाली काम करीत. अल्काझी यांची नाटके, रविशंकर यांचे संगीत आणि हुसेन यांची चित्रे यांचा तेथे शेजार होता. गायतोंडे यांचाही तेथे स्टुडिओ होता. ती वास्तू पुढे पाडली गेली. परंतु याच वर्षांत गायतोंडे यांच्या चित्राने जी दिशा घेतली, ती अखेरपर्यंत बदलली नाही. झेन विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईच्या खेतवाडीत निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता. त्याचे पर्यवसान चित्रात कोणतेही धार्मिक चिन्ह येण्यात झाले नाही, हे विशेष. ॐकार नाही, कमळ नाही, मंडल नाही. पर्यवसान झाले ते कामाच्या पद्धतीत.

आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे गायतोंडे यांना पसंत नव्हते. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते सांगत. हा केवळ शब्दच्छल नव्हे. अमूर्तीकरणात आधी एक मूर्त वस्तू गृहीत असते, उदाहरणार्थ झाड किंवा चेहरा. तिचा तपशील गाळत गाळत चित्रकार तिच्या साराशी पोहोचतो. म्हणून तेथे ‘मुळात हे काय होते?’ असे विचारण्यास जागा राहते. वस्तुनिरपेक्ष चित्रात असे काही ‘मुळात’ नसतेच. रंग हाच प्रारंभ आणि रंग हाच शेवट. मैफलीत आलाप ऐकताना ‘हा आलाप कशाचा आहे?’ असे कोणी विचारीत नाही. आपण सूर ऐकतो, त्यांचा विस्तार ऐकतो, मधली शांतता ऐकतो. ज्या श्रोत्याला शब्दांवाचून सूर पुरतो, त्याला वस्तूवाचून रंग का पुरू नये? कानाला जे शिक्षण आपल्या परंपरेने दिले, ते डोळ्याला देण्याचे आपण विसरलो, एवढेच याचे उत्तर आहे.

रोलर, सुरी आणि प्रतीक्षा

१९६०च्या दशकापासून गायतोंडे यांच्या कामातून कुंचल्याचे महत्त्व कमी झाले आणि त्याची जागा रोलर व रंगसुरी यांनी घेतली. रोलर हे छापखान्यातील कामगाराच्या हाती अधिक शोभणारे हत्यार. कुंचल्याच्या फटकाऱ्यात चित्रकाराच्या मनगटाची, त्याच्या आवेशाची खूण उरते. रोलर ती खूण पुसून टाकतो. गायतोंडे कॅनव्हासवर तैलरंगाचा थर देत, तो पसरत, सुरीने काही ठिकाणी खरवडून काढत, पुन्हा थर देत. वर्तमानपत्राचे वा मासिकाचे फाडलेले कागद ओल्या रंगावर ठेवून दाबायचे आणि उचलून घ्यायचे, असाही त्यांचा एक प्रयोग असे. कागदाबरोबर रंगाचा काही अंश निघून येई आणि खालचा थर अर्धवट उघडा पडे. चित्रावर लिपीसारखी भासणारी परंतु कोणत्याही लिपीत न बसणारी जी चिन्हे दिसतात, ती या लावण्या-काढण्यातून आलेली. चित्र रंगविण्याची ही रीत जितकी भर घालण्याची आहे, तितकीच वजा करण्याचीही आहे.

येथे माध्यमाचा प्रश्न निर्णायक ठरतो. तैलरंग पाण्याच्या रंगाप्रमाणे सुकत नाहीत. पाण्याच्या रंगातील पाणी उडून जाते आणि रंग सुकतो. तैलरंगातील जवसाचे तेल उडून जात नाही, तर हवेतील प्राणवायू शोषून घेऊन ते हळूहळू घट्ट होते. वरचा पापुद्रा हाताला न लागण्याइतका सुकण्यास काही दिवस जातात आणि जाड थर आतपर्यंत पक्का होण्यास महिने, प्रसंगी वर्षेही लागतात. घाईच्या माणसाला हा दोष वाटेल. गायतोंडे यांच्या पद्धतीला मात्र हाच गुण आवश्यक होता. रंग ओला असेतोवर तो उचलता येतो, हलविता येतो. अर्धवट सुकला की त्यावर दुसरा पातळ, पारदर्शक थर बसतो, आणि खालच्या रंगाचा उजेड वरच्या रंगातून गाळून बाहेर येतो. चित्र आतून उजळल्यासारखे दिसते ते यामुळे. लघुचित्रकाराने डिंक आणि अकीक वापरून जी कांती मिळविली, तीच या चित्रकाराने तेल आणि रोलर वापरून मिळविली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. साहित्य बदलले, परंतु थर, दाब आणि धीर हे तीन घटक तेच राहिले.

आधुनिक माध्यमे त्यांच्या समकालीनांनी आपलीशी केलीच होती. नागपूरच्या कलाशाळेत शिकून जे. जे.मध्ये आलेले आणि १९५० साली पॅरिसला गेलेले सय्यद हैदर रझा यांनी तैलरंगात नाव मिळविले, आणि पुढे अमेरिकेतील वास्तव्यानंतर ते अॅक्रिलिककडे वळले. १९५०च्या दशकात बाजारात रुळू लागलेले हे पाण्यात मिसळणारे रंग काही मिनिटांत सुकतात. एका रंगाच्या कडेला दुसरा रंग स्वच्छ, न मिसळता बसवायचा असेल, तर यांच्यासारखे साधन नाही. रझा यांच्या बिंदू, त्रिकोण, वर्तुळ यांच्या ठाम रचनांना ते मानवले. अलिबागजवळील नागावचे प्रभाकर बरवे यांनी तर त्याहूनही धाडसाची निवड केली. दारे-खिडक्या रंगविण्यासाठी आपण ज्याचा डबा घरी आणतो, तो एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर वापरला. एनॅमलची गुळगुळीत, भावनाशून्य, चकचकीत त्वचा त्यांच्या पाने, घड्याळे, शंख अशा सुट्या वस्तूंच्या गूढ जगाला नेमकी साजली. आपल्या या विचारप्रक्रियेचा आलेख बरव्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी पुस्तकात मांडला आहे.

या तिघांकडे एकत्र पाहिले म्हणजे ‘पारंपरिक’ आणि ‘आधुनिक’ या शब्दांचा नेहमीचा अर्थ डळमळू लागतो. ज्यांच्या हाती सर्वांत नवे अॅक्रिलिक, त्या रझांनी त्यातून बिंदू आणि मंडल ही प्राचीन प्रतीके रंगविली. ज्यांच्या हाती युरोपातून आलेले, शतकानुशतके जुने तैलरंग, त्या गायतोंडे यांनी त्यातून प्रतीकाचा पूर्ण त्याग करणारे चित्र उभे केले. शिवाय तैलरंग तरी आपल्याकडे किती जुने? युरोपीय चित्रकारांबरोबर ते अठराव्या शतकात येथे आले, राजा रविवर्मा यांच्या हातून ते घराघरांतील देवदेवतांच्या प्रतिमांपर्यंत पोहोचले, आणि दोन-तीन पिढ्यांतच ‘जुने’ व ‘आपले’ झाले. माध्यम स्वतः जुने नसते की नवे नसते. त्याच्याकडून काय मागितले जाते, यावर ते ठरते.

थोडे काम, मोठी किंमत

या पद्धतीची किंमत चित्रकाराला स्वतःच्या आयुष्यातून मोजावी लागते. गायतोंडे वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास पुरे करीत. त्यांचा पुष्कळसा वेळ विचारात आणि पाहण्यात जाई. १९६४ साली रॉकफेलर घराण्याच्या निधीतून मिळालेल्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथील अमूर्त चित्रकलेचा डामडौल पाहून परतल्यावरही त्यांनी आपला वेग वाढविला नाही. १९७१ साली ‘पद्मश्री’ मिळाली. पुढच्याच वर्षी ते मुंबई सोडून दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन भागातील गच्चीवरच्या एका छोट्या जागेत मोजक्या सामानानिशी राहू लागले. प्रदर्शने थोडी, मुलाखती त्याहून थोड्या. चित्राला शीर्षक नाही. आपल्या कामाविषयी बोलण्याची हौस नाही.

१९८४ साली त्यांना दिल्लीत गंभीर अपघात झाला. शरीर इतके जायबंदी झाले, की उंच कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर चालविणे काही वर्षे अशक्य होऊन बसले. या काळात त्यांनी लहान कागद घेतले आणि शाई घेतली. तेलाच्या नेमके उलट हे माध्यम. शाईचा थेंब कागदाने शोषला की शोषला. तो खरवडता येत नाही, पुसता येत नाही, वाट पाहून सुधारता येत नाही. तीस वर्षे प्रतीक्षेवर जगलेल्या हाताने आता एका क्षणात निर्णय घेणाऱ्या रेषा काढल्या. त्या रेषांत हस्ताक्षराचा आभास आहे, अर्थाचा नाही. शरीराने जे हिरावून घेतले त्याची तक्रार न करता, जे उरले त्याचे व्याकरण शिकून घेणे ही गोष्ट सोपी नव्हे. १९८०चे दशक संपताना ते पुन्हा तैलरंगाकडे वळले. १९८९-९० चा कालिदास सन्मान त्यांना मिळाला. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांनी चित्रे काढली आणि मग थांबले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्रातील सर्वसामान्य वाचकाला आपण काय गमावले याची कल्पना नव्हती.

त्यानंतरची कथा सर्वपरिचित आहे. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले, जगाने दखल घेतली आणि लिलावातील आकडे चढत गेले. मराठीत मात्र ‘चिन्ह’चे संपादक सतीश नाईक यांच्यासारख्यांनी हे आकडे येण्याच्या आधीपासून चिकाटीने गायतोंडे यांच्याविषयीचे लेखन जमविले आणि ग्रंथरूपाने वाचकांसमोर ठेवले, याची नोंद केली पाहिजे. एरवी आपल्या माणसाची थोरवी आपल्याला परदेशातील संग्रहालयाने आणि हातोडीच्या ठोक्याने सांगावी लागते, ही भूषणावह गोष्ट नाही.

उभे राहण्याचे शिक्षण

मग वाचकाने करावे काय? पहिली गोष्ट, वर्तमानपत्रात छापलेल्या प्रतिकृतीवरून मत बनवू नये. ज्या चित्राचे सारे जीवन थरांच्या खोलीत आहे, ते छपाईच्या शाईत उतरत नाही. त्यातले अंतर, त्यातला उजेड छापील कागदावर सपाट होऊन जातो. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गायतोंडे यांची चित्रे आहेत. होमी भाभा यांच्या दूरदृष्टीने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जो चित्रसंग्रह उभा केला, त्यातही ती आहेत. शास्त्रज्ञांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर चित्रे लावावीत, असे एका भौतिकशास्त्रज्ञाला वाटले. आपल्या शिक्षणखात्याला, विद्यापीठांना आणि नगरपालिकांना तसे वाटू नये, याचे नवल वाटते. सार्वजनिक पैशातून घेतलेली चित्रे संग्रहालयांच्या कोठारांत न राहता आळीपाळीने जिल्ह्याच्या गावी जाऊ लागली, तर सांगली, अकोला, रत्नागिरी येथील चित्रकला शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तकातील चौकटीऐवजी खऱ्या रंगासमोर उभे करता येईल.

दुसरी गोष्ट वाचकाच्या स्वतःच्या हातातील आहे. या चित्रांसमोर एखाद्याला समुद्र दिसतो, एखाद्याला पावसाने भिजलेली जुनी भिंत, एखाद्याला पहाटेचे धुके. तसे दिसण्यात काही पाप नाही, परंतु तेथे थांबू नये. समुद्र सापडला की पाहणे संपते, कारण कोडे सुटल्याचे समाधान मिळते. कोडे न सोडविता पाच मिनिटे उभे राहिले, तर डोळ्याला दुसरेच काही उमगू लागते. सपाट वाटलेल्या पिवळ्यात तांबूस झाक आहे, तिच्याखाली हिरवट सावली आहे, एका जागी कागद उचलल्याची खूण आहे, आणि दुसऱ्या जागी चित्रकाराने थांबण्याचा निर्णय घेतलेला आहे. ज्याने हे चित्र करण्यासाठी आठवडेच्या आठवडे रंग वाळण्याची वाट पाहिली, त्याच्यासाठी पाच मिनिटे फार नव्हेत.

चाळीस कोटी रुपये देऊन चित्र विकत घेणारा त्याचा मालक होतो. त्याच्यासमोर नीट उभा राहणारा प्रेक्षक होतो. पहिला मान थोड्यांच्याच नशिबी येणार. दुसरा मात्र महिनाअखेरीस खिसा रिकामा असलेल्या कारकुनालाही आणि शाळकरी मुलालाही मिळू शकतो, फक्त चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आणून ठेवण्याची व्यवस्था हवी आणि ‘यात आहे काय?’ हा प्रश्न ओठांवर येण्याआधी क्षणभर थांबण्याची सवय हवी. गायतोंडे आयुष्यभर थांबले. आपल्याला त्यातील काही क्षण तरी थांबता आले पाहिजे.